प्रॉव्हांसाल आणि कोंकणी साहित्य
दक्षिण फ्रान्समधील प्रॉव्हांसाल व गोव्यातील कोंकणी या दोन्ही भाषांच्या आधुनिक साहित्याचा उगम भाषिक पुनरुज्जीवनाच्या प्रेरणेत आहे; त्यांची पूर्वपीठिका मात्र भिन्न आहे. बाराव्या-तेराव्या शतकांतील त्रुबादूर कवींच्या दरबारी प्रेमगीतांनी यूरोपीय भावकवितेला वळण लावले. आल्बिजन्सियन धर्मयुद्धानंतर (१२०९–२९) ही परंपरा ओसरली. १८५४ मध्ये सात कवींनी ‘फेलिब्रीज’ ही संस्था स्थापिली. त्यांतील फ्रेदेरीक मीस्त्रालने (१८३०–१९१४) मिरेयो (१८५९) या काव्यासाठी त्रुबादूरांची भाषा न स्वीकारता ऱ्होनकाठच्या शेतकऱ्यांची बोली योजिली. कोंकणीस असा दरबारी वारसा नव्हता. उलट १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने तिच्या वापराविरुद्ध हुकूम काढला. शणै गोंयबाब (१८७७–१९४६) यांनी मुंबईत राहून लोकांच्या बोलीतूनच तिचे आधुनिक गद्य घडविले. मीस्त्रालला १९०४ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, पण त्याच्या भाषेस फ्रान्समध्ये राजभाषेचे स्थान लाभले नाही. कोंकणीस ते गोव्यात १९८७ मध्ये लाभले. तथापि देवनागरी, रोमन व कन्नड अशा लिपिभेदांमुळे तिचा वाचकवर्ग विभागलेला राहिला. प्राचीन वैभव, जागतिक कीर्ती वा राजमान्यता यांपैकी कोणतीही गोष्ट वाचकाची उणीव भरून काढीत नाही, हाच या तुलनेचा निष्कर्ष होय.