जॉइसचा ‘सिटिझन’ आणि खरा कुसॅक

जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ (१९२२) या कादंबरीतला ‘सिटिझन’ डब्लिनच्या एका गुत्त्यात आयरिश खेळांचे गोडवे गातो आणि अखेर ज्यू वंशाच्या ब्लूमवर बिस्किटांचा डबा भिरकावतो. हे पात्र मायकेल कुसॅकवर बेतलेले आहे. १८८४ साली थर्ल्स येथे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापण्यात पुढाकार घेणारा कुसॅक हा मुळात शिक्षक. रग्बी आणि क्रिकेटही आवडीने खेळलेला. स्वदेशी हर्लिंग जगवायचे म्हणजे इतर खेळांचा द्वेष करायचा, हे समीकरण त्याला लागू पडत नाही. तेवढ्यापुरता जॉइसने त्याच्यावर अन्यायच केला.

संस्थेची गोष्ट मात्र वेगळी. ‘परकीय’ खेळांवरील बंदीच्या नियमापायी तिने १९३८ साली आपले आश्रयदाते, खुद्द राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड यांना फुटबॉलच्या सामन्याला हजर राहिल्याबद्दल दूर केले. आयरिश भाषेसाठी हाइडनी वेचलेले आयुष्यही आड आले नाही. ही बंदी १९७१ साली उठली, तरी हर्लिंग बुडाले नाही. कारण ते गावोगावच्या क्लबांच्या आणि मानधनाविना खेळणाऱ्यांच्या बळावर उभे होते. जॉइसचे व्यंगचित्र कुसॅकचे म्हणून फसते. त्याच्या वारसदारांचे म्हणून मात्र नेमके उतरते.