सुरवंटाची ओळख: एका जुन्या ग्रंथाच्या निमित्ताने

शेंद्र्याच्या शाळेत एखाद्या मुलाने कण्हेरीवरचा सुरवंट आणून दाखवला, बोटाएवढा जाड, हिरवागार, डोक्यामागे दोन निळे ‘डोळे’ असलेला, तर शिक्षकाने कोणते पुस्तक उघडावे? साप-साप म्हणून तो चिरडला जाण्याआधी उत्तर हवे. (तो चावत नाही, डंखही करत नाही.) फुलपाखरे-पतंगांवरची बहुतेक पुस्तके पंखांची रंगीत चित्रे देतात आणि सुरवंटाची एका ओळीत बोळवण करतात.

म्हणूनच ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतील बेल व स्कॉट यांचा हॉक मॉथ पतंगांवरील खंड (१९३७) आजही मोलाचा वाटतो. कारवारकडे वनाधिकारी असलेल्या बेल यांनी सुरवंट स्वतः पाळले. त्यामुळे सुरवंट, कोश आणि खाद्यवनस्पती यांची माहिती प्रत्यक्ष पाहणीतून आलेली आहे. खरी किल्ली खाद्यवनस्पतीच. कण्हेरीवरचा आपला पाहुणा ‘डॅफ्निस नेरी’; तिळावर तिरप्या पट्ट्यांचा, शिंगवाला दिसला तर बहुधा ‘अ‍ॅकेरॉन्शिया स्टिक्स’. नुसत्या रंगावर जाऊ नये. तिळावरचा हिरवा, पिवळा किंवा तपकिरीही असतो.

ग्रंथाची अडचण मांडणीत आहे. ती पतंगांच्या वर्गीकरणानुसार, वनस्पतींची नावे लॅटिन. शिक्षकाच्या हातात मात्र कण्हेरीची फांदी असते! झाडांच्या मराठी नावांवरून सुरवंटापर्यंत नेणारी सूची कोणी तरी करायला हवी. तोवर बरणीत त्याच झाडाची ताजी पाने, तळाशी माती-पाचोळा, तोंडाला फडके. पतंग बाहेर आला की पुस्तकातले चित्र उपयोगी पडते. कण्हेर विषारी आहे. पाने शिक्षकांनीच घालावीत आणि हात धुवावेत.