निबंधांची मोजणी
'करंट सायन्स'मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेला भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांचा लेख मनोरंजक नाही. तरी सुशिक्षितांनी तो अवश्य वाचावा. विद्यापीठांच्या शिफारशीने अनुदान आयोगाच्या मान्य यादीत शिरलेली १००९ नियतकालिके तपासून, त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक हिणकस असावीत, असा निर्णय लेखकांनी दिला आहे. निर्णय निर्भीड खरा. परंतु आमच्या मते रोगाचे मूळ यादीत नाही. २०१० च्या नियमांनी बढतीस छापील निबंधांचे गुण जोडले. मग पैसे घेऊन छापणारे निघावेत यांत नवल ते काय? वर्गणीदार रुसतील हे जाणूनही आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढला. पण नियम आगरकरांसाठी करावयाचे नसतात. पुढे पुणे विद्यापीठात शोधित यादी सिद्ध झाली; तीही आयोगाने २०२५ साली बंद केली.