एलिस यांचा विवेक आणि घरातली तेरवी

देवाधर्माचा आधार न घेता खचलेल्या मनाला सावरण्याची जी साधने मराठी वाचकापुढे आहेत, त्यांत अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांचा विवेकनिष्ठ मानसोपचार महत्त्वाचा आहे. प्रा. कि. मो. फडके यांनी ही पद्धती महाराष्ट्रात रुजवली. डॉ. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या चरित्रात्मक कादंबरीमुळे ती सामान्य वाचकांपर्यंत पोचली. ज्याची धर्मश्रद्धा सुटली आहे अशा माणसाला ही पद्धती कितपत पुरते, एवढेच येथे तपासायचे आहे.

एलिस यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली. सूत्र जुनेच, एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाचे: माणसाला घटना नव्हे, घटनेविषयीचा समज अस्वस्थ करतो. शिक्षकाला हे फळ्यावर तीन खणांत मांडता येईल. नापास होणे ही घटना. ‘मी पास व्हायलाच हवे होते, झालो नाही म्हणजे मी कुचकामी’ हा समज. आणि खचून जाणे हा परिणाम. उपचार होतो तो मधल्या खणावर. ‘हवेच’ मधला ‘च’ काढायचा, ‘हवे’ राहू द्यायचे. (मराठीला हा ‘च’ आयताच लाभला आहे. एलिस यांना इंग्रजीत त्यासाठी नवा शब्द घडवावा लागला.)

आता समजा, राळेगावच्या कनिष्ठ महाविद्यालयातील एखादी मुलगी आपल्या बाईंना सांगते की, तिचा देवावर विश्वास उरलेला नाही. आजी वारली, तेरवीच्या पूजेत ती हात जोडून बसली नाही, आणि तेव्हापासून घरात कोणी तिच्याशी धड बोलत नाही. रात्री झोप येत नाही. ‘कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जाऊन ये, बरे वाटेल,’ हे उत्तर मायेपोटी दिले तरी ते समुपदेशन नव्हे. जे सांगायला ती आली, तेच त्यात नाकारले जाते.

मग एलिस यांचे उत्तर? ‘घरच्यांनी मला समजून घेतलेच पाहिजे’ या वाक्यातला ‘च’ काढावा, हे बरोबरच आहे. पण तेवढ्याने भागत नाही. तेरवी हा केवळ परलोकाचा व्यवहार नसतो. त्या तेरा दिवसांत घर माणसांनी भरलेले असते, गेलेल्या माणसाच्या आठवणी निघतात, रडणाऱ्याजवळ कोणीतरी बसते. विधी नाकारणाऱ्याच्या हातून हेही सुटते. ही हानी खरी आहे. तिला अविवेकी समजांच्या खणात ढकलणे चूक ठरेल. निरोगी दुःख आणि विकृत नैराश्य यांत एलिस स्वतः भेद करतात, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु दुःख कोणासमवेत करायचे, हा प्रश्न तीन खणांत कोठेच येत नाही.

दुसरी अडचण स्थळाची. लाजेची भीती घालवण्यासाठी एलिस रुग्णाला भर रस्त्यात हास्यास्पद कृत्ये करायला लावीत. दोरीला बांधलेले केळे कुत्र्यासारखे फिरवणे हा त्यांतला प्रसिद्ध प्रकार. न्यूयॉर्कच्या गर्दीत कोणी कोणाला ओळखत नाही. तालुक्याच्या गावी मात्र मुलगी कोणाची, हे चहाच्या टपरीवरही ठाऊक असते. तेथे लोकांचा रोष हा नुसता समज नसून वस्तुस्थिती असू शकते. शिक्षण थांबवले जाईल, लग्न ठरवले जाईल, ही भीती वादाने खोडण्याजोगी नाही. मुलीने केव्हा, कोणाला, किती सांगावे, हे तिच्याबरोबर बसून ठरवावे लागते.

एलिस यांच्या लेखनातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग त्यांच्या मतपरिवर्तनाचा आहे. १९८० मध्ये ॲलन बर्गिन यांच्याशी झालेल्या वादात त्यांनी कडव्या धार्मिकतेचा संबंध थेट भावनिक अस्वास्थ्याशी जोडला होता. २००० पर्यंत त्यांनी मान्य केले की, श्रद्धावंतांवरही ही पद्धती वापरता येते. दोष असतो तो ताठर आग्रहात. याचा अर्थ नास्तिकही तितकाच ताठर असू शकतो. ‘आईने पोथी बंद केलीच पाहिजे’ यातला ‘च’ देवाचा नाही, पण झोप तोही उडवतो.

अमेरिकेत धर्म सोडणाऱ्यांना धर्मनिरपेक्ष उपचारक मिळवून देणारा खास उपक्रम २०१२ पासून चालतो. आपल्याकडे आधार कायद्याचा आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३ नुसार, आपल्या समाजात रूढ असलेल्या धार्मिक श्रद्धांशी एखाद्याचे जुळत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. कलम १८ नुसार उपचार देताना धर्मावरून भेदभाव करता येत नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांमार्फत काम केले, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ऐकून घेणारे माणूस गावातच असले, तर लोक बोलतात.

बाईंनी त्या मुलीला देवाविषयी काही विचारू नये. आजीविषयी विचारावे. झोप परतली नाही, जेवण सुटले किंवा मरणाची भाषा आली, तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर तिच्यासमवेत बसून फोन लावावा आणि तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे.