रिकामी खुर्ची आणि वालिदांची कब्र

आपल्या लेखकांच्या कवितांतून आणि आत्मकथनांतून मरहूम अब्बा वारंवार भेटतात. ते एक तर कष्टाळू, पाच वक्त नमाजी आणि निर्दोष असतात, नाही तर मुलीची शाळा सोडवणारे, कठोर काळजाचे असतात. दोन्ही तऱ्हांत एक प्रश्न राहून जातो : लिहिणाऱ्याचे त्यांच्याशी काही भांडण होते काय, आणि ते गेल्यावर ते मिटले कसे?

मानसोपचाराने या प्रश्नावर एक रीत शोधली आहे. जेकब मोरेनो यांच्या मनोनाट्यातून आलेली ही रीत फ्रिट्झ पर्ल्स यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. समोर एक रिकामी खुर्ची ठेवायची. तिच्यावर गेलेले माणूस बसले आहे, असे मनात आणायचे आणि राहून गेलेले सगळे बोलायचे. मग उठून त्या खुर्चीत बसायचे आणि त्याच्या वतीने उत्तर द्यायचे. उपचारक शेजारी बसून वाट दाखवतो.

मृताशी असे बोलणे आपल्याला परके नाही. कब्रस्तानात पाऊल टाकताना आपण सलाम करतो, तो थेट कब्रीतल्यांना उद्देशून. फरक एवढाच, की त्यांचे उत्तर आपण आपल्या तोंडाने देत नाही. त्यांच्यासाठी मगफिरत मागतो ती अल्लाहकडे. खुर्चीच्या रीतीत जो धोका आम्हांला दिसतो, तो इथेच आहे. उत्तरही आपणच द्यायचे असेल, तर वडील आपल्याला हवे तेच बोलतील. माफी स्वस्तात मिळेल.

निदा फाजली (१९३८–२०१६) यांची ‘वालिद की वफात पर’ ही नज्म या कसोटीवर पुन्हा वाचण्याजोगी आहे. त्यांचे आईवडील पाकिस्तानात गेले. निदा भारतात राहिले आणि पुढे मुंबईचे झाले. नज्मेची सुरुवातच धक्का देते. मुलगा वडिलांना सांगतो, की तो त्यांच्या कब्रीवर फातिहा पढायला आलेला नाही, कारण ते मेले यावर त्याचा विश्वास नाही. दीनदार वाचकाला हे खटकेल. पण ही बेअदबी नव्हे, पोहोचू न शकलेल्या मुलाची ती कैफियत आहे.

या नज्मेतही एक खुर्ची आहे, पण ती रिकामी नाही. मुलगा लिहायला कलम उचलतो, तर त्याच्याच खुर्चीत वडील बसलेले असतात. इथे वडिलांना समोर बसवून जाब विचारलेला नाही आणि त्यांच्याकडून माफीही वदवून घेतलेली नाही. त्यांच्या चुका आणि अपयश आपल्याच रक्तात वाहते आहे, हे मुलगा मान्य करतो. वडिलांचे दोष नाकारायचे नाहीत, त्यांचा हिशेबही मांडायचा नाही. ते आपल्या नावावर घ्यायचे. समेटाची ही वाट आम्हांला खुर्चीच्या रीतीपेक्षा अवघड आणि म्हणून अधिक खरी वाटते. शेवटी तर कब्रीत मुलगा असतो, आणि फुरसत मिळाली तर फातिहा पढायला यावे, असे तो वडिलांनाच विनवतो.

एक उणीवही नोंदवली पाहिजे. वडिलांना सर्वस्वी आपल्यात सामावून घेताना त्यांचे वेगळेपण हरवते. वतन सोडण्याचा निर्णय घेणारा माणूस या नज्मेत कुठेच नाही. त्याची बाजू ऐकायला मिळती, तर ही सुलह दोघांची झाली असती. आज ती एकट्या मुलाची आहे.

हा प्रश्न केवळ उर्दू शायरीचा नाही. आपल्यात दफनाला उशीर करीत नाहीत. रत्नागिरी-रायगडची कितीतरी मुले आखातात नोकरीला असतात. खबर मिळून विमान पकडेपर्यंत माती होऊन जाते. २०२० आणि २०२१ मध्ये तर गावातल्या गावातही अनेकांना जनाजाला खांदा देता आला नाही. या न झालेल्या भेटी मराठीत लिहिल्या गेल्या पाहिजेत. लिहिताना अब्बांना वली करू नये, खलनायकही करू नये. त्यांना खुर्चीत बसू द्यावे आणि ते गप्प राहिले, तर ती शांतताही कागदावर उतरू द्यावी.