परदेशांतील बिऱ्हाड आणि मराठी प्रवासवर्णन

मराठींत प्रवासवर्णनांचा तोटा नाहीं. परंतु अलीकडे त्यांत एका नव्या प्रतिज्ञेची भर पडली आहे. युरोपांतील एखाद्या शहरीं दोनतीन महिने काढून आलेला लेखक प्रारंभींच बजावतो कीं, आपण तेथें प्रवासी म्हणून नव्हे, तर तेथल्या रहिवाशांसारखे राहिलों. ही प्रतिज्ञा कितपत टिकते, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

तिचा जो पुरावा पुढें येतो, तो बहुधा एकाच साच्याचा असतो. कोपऱ्यावरचा पाववाला ओळखूं लागला, ट्रामचा पास काढला, आठवड्याच्या बाजारांतून भाजी आणली. यांत खोटें कांहीं नाहीं. पण पैसे टाकले म्हणजे हें सर्व कोणासही मिळतें. हीच कसोटी आपण आपल्या गांवास लावून पाहूं. कोणी परदेशस्थ गृहस्थ पौषांत अकोल्यास उतरला, शेतावर जाऊन हुरडा खाल्ला, अमरावतीस अंबादेवीचें देऊळ पाहिलें आणि आपण वऱ्हाड्यांसारखे राहिलों असें लिहूं लागला, तर आपणांस हंसूं येईल. वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांवर गेला असतां ज्यानें येथें दुपार काढली नाहीं, नळाला पाणी कधीं येईल याची वाट पाहिली नाहीं, कापसाचा भाव पडल्यामुळें ज्याच्या घरचें लग्न पुढें गेलें नाहीं, त्यानें वऱ्हाड पाहिलें असेल. तो वऱ्हाडांत राहिला असें आम्ही म्हणणार नाहीं. गांवाच्या गैरसोयींत वाटेकरी व्हावें, आणि मनास येईल तेव्हां उठून जातां येऊं नये, यास राहणें म्हणतात.

आमच्याच प्रांतांतील दोन उदाहरणें घ्यावीं. टिळकांच्या शिक्षेविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलांत दाद मागण्यासाठीं अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १९०८ सालीं विलायतेस गेले व १९१० पर्यंत तेथें राहिले. पापळचे पंजाबराव देशमुख १९२० सालीं विलायतेस शिकावयास गेले. ऑक्सफर्ड येथें वेदवाङ्मयावर प्रबंध लिहून व बॅरिस्टर होऊन ते १९२६ सालीं परतले. लंडनकर किंवा ऑक्सफर्डकर होण्याची हौस यांपैकीं कोणासही तिकडे घेऊन गेली नव्हती. एकास मित्राचा खटला होता, दुसऱ्यास विद्या होती. परंतु कामामुळेंच माणसाची शहराशीं खरी गांठ पडते. कारण काम असलें म्हणजे नकार ऐकावा लागतो, आणि नकार ऐकूनही तेथेंच राहावें लागतें.

चांगल्या लेखकांस हें उमगलेलें असतें. पु. ल. देशपांडे यांस दूरचित्रवाणीच्या शिक्षणासाठीं लंडनांत राहावें लागलें. पण त्यांच्या 'अपूर्वाई'त (१९६०) आपण लंडनकर झाल्याचा आव कोठेंही नाहीं. लेखकाचें मराठीपण पदोपदीं अडखळतें, आणि त्या अडखळण्यांतच दोन्ही समाज दिसूं लागतात. याउलट मीना प्रभु यांनीं लंडनांत अनेक वर्षें संसार केला. म्हणून 'माझं लंडन' या नांवांतील पहिला शब्द त्यांच्या तोंडीं शोभतो. एक पाहुणा, दुसरी गृहिणी. दोघांनींही आपण कोठें उभे आहों हें लपविलें नाहीं.

हा वाद केवळ साहित्यशास्त्राचा असता, तर आम्ही तो इतका वाढविला नसता. आज अमरावती-अकोल्याच्या कित्येक घरांतील मुलेंमुली युरोपांतील शहरांत नोकरीस वा शिक्षणास आहेत. मागें राहिलेलीं आईबापें हीं पुस्तकें हौसेनें वाचतात, तीं आपलें मूल कसें राहतें हें कळावें म्हणून. त्यांना फुलांचा बाजार आणि कॉफीचा वास एवढेंच सांगितलें, तर त्यांची फसवणूकच होते. खोली भाड्यानें मिळावयास काय पडतें, परवान्याची मुदत संपत आली म्हणजे जीव कसा टांगणीस लागतो, हिवाळ्यांत लंडनास चार वाजतां अंधार पडल्यावर एकट्या माणसाची संध्याकाळ कशी जाते, आजारीपणीं दार कोण ठोठावतें, हें त्यांस हवें आहे.

तेव्हां दोन महिने राहून आलेल्या लेखकानें रहिवाशाचें सोंग घेऊं नये, इतकीच आमची विनंती आहे. कोणतें दार आपणांस उघडलें आणि कोणतें बंदच राहिलें, हें त्यानें सरळ सांगावें. असें पुस्तक लहान झालें तरी चालेल; वऱ्हाडांतील अनेक घरें त्याची वाट पाहत आहेत.