उसनी नजर

नाटकाचं परीक्षण छापून येतं, पुस्तकाचं येतं, हल्ली तर अमक्या खानावळीतली आमटी कशी याचंही येतं. पण ज्या वस्तूपायी मध्यमवर्गीय माणूस घरात न विचारता प्रॉव्हिडंट फंडाला हात घालतो, त्या टेलिफोटो लेन्सचं परीक्षण मात्र लेन्स विकणाराच तोंडी करून मोकळा होतो. ज्याची म्हैस त्यानंच दुधाची ग्वाही द्यावी, तसला प्रकार. म्हणून हे काम अंगावर घेतलं आहे.

तुम्ही म्हणाल, नांदेड-लातूरच्या माणसाला विमानांच्या फोटोंचं काय पडलंय? अहो, हवाई दलाचा ‘सूर्यकिरण’ संघ हा आपला शेजारी आहे. उदगीर किंवा देगलूरहून शंभर किलोमीटरच्या आत बिदर, आणि हा संघ बिदरचा. १९९६ साली ‘किरण’ विमानं घेऊन तो उभा राहिला. २०११ साली ती विमानं शिकाऊ वैमानिकांसाठी लागली, तेव्हा खेळ थांबला. २०१५ पासून ‘हॉक’ विमानं घेऊन पुन्हा सुरू झाला आणि पुढे आकडा पूर्वीसारखा नऊवर गेला. अर्थात बिदरच्या तळाच्या भिंतीपाशी कॅमेरा रोखून उभं राहायचं नसतं; तिथे फोटो निघण्याआधी आपणच आत जाऊ. शेजाऱ्याचं कार्य बाहेरगावी असतं, तिथे जायचं. जानेवारी २०२४ मध्ये १२ ते १४ तारखांना मुंबईत मरीन ड्राइव्हवर होतं, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळूरजवळ येलहंक्याला ‘एरो इंडिया’त होतं.

कार्य ठरलं, की माणूस कॅमेऱ्याच्या दुकानात जातो. दुकान नांदेडच्या वजिराबादेतलं असो की लातूरच्या गंजगोलाईतलं, पहिला प्रश्न ठरलेला: “साहेब, जास्तीत जास्त किती लांबचं येईल?” इथेच आमचा पहिला आक्षेप आहे. प्रश्नच चुकला, की उत्तर महाग पडतं.

वाणिज्य शाखेच्या माणसाला भिंगातलं फारसं कळत नाही, पण त्रैराशिक कळतं. हॉक विमान नाकापासून शेपटीपर्यंत सुमारे बारा मीटर. ते सहाशे मीटरवरून चाललंय आणि लेन्स आहे चारशे मिलिमीटरची. बारा गुणिले चारशे, भागिले सहाशे: सेन्सरवर विमान उमटलं आठ मिलिमीटर. फुल फ्रेम सेन्सर छत्तीस मिलिमीटर रुंद. म्हणजे चौकटीचा पाव हिस्सासुद्धा भरला नाही! इथे गिऱ्हाईक खचतं, आणि दुकानदार हळूच टेलिकन्व्हर्टरची डबी काउंटरवर ठेवतो.

पण थांबा. तेच त्रैराशिक नऊ विमानांना लावा. त्यांची रांग साठ मीटर रुंद धरली, तर उत्तर येतं चाळीस मिलिमीटर. चौकट छत्तीसची! म्हणजे एका विमानाला जी लेन्स तोकडी, तीच नऊ विमानांना लांब. रांग तीनशे मीटरवर आली तर हा आकडा दुप्पट. अशा वेळी चारशेवरून झर्रकन शंभरावर येता यायला हवं. झूम लागतो तो एवढ्यासाठी. तो लांब जातो यापेक्षा तो वेळेवर परत येतो, हा त्याचा खरा गुण. (नवऱ्यांनाही हेच माप लावतात.)

आता डबीकडे वळू. टेलिकन्व्हर्टर म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारं छोटं भिंग. मध्यस्थच म्हणा. १.४ पटीचा लावला की चारशेचे पाचशे साठ होतात, दोन पटीचा लावला की आठशे. ऐकायला गोड. पण काउंटरच्या आतल्या बाजूला वर्षं काढलेल्या माणसाला लगेच कळतं, की ही मिळकत नव्हे, हे कर्ज आहे. १.४ पटीचा निम्मा उजेड खातो, एफ ५.६ ची लेन्स एफ ८ होते. दोन पटीचा तीन चतुर्थांश खातो, एफ ११ होते. जेट विमानाला शटर सेकंदाचा हजारावा किंवा दोनहजारावा भाग लागतं. ते सोडता येत नाही. मग आयएसओ ४०० चा ८०० करा, १६०० करा. हे व्याज. चित्रात रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात, ती पावती. शिवाय लेन्समधले दोषही तेवढेच मोठे होतात. जुन्या डीएसएलआरपैकी कित्येकांचा ऑटोफोकस ५.६ च्या पुढे हात वर करतो. नवे मिररलेस कॅमेरे निभावून नेतात. आणि दुपारच्या झळांनी हवाच थरथरत असेल, तर ती थरथर मोठी करून मिळते, एवढाच फायदा.

कॅननची आरएफ १००-५०० ही नावाजलेली लेन्स. तिला त्यांचाच कन्व्हर्टर लावायचा, तर झूम तीनशेच्या पुढे नेऊनच तो बसतो आणि तो असेपर्यंत तीनशेच्या मागे येता येत नाही. १.४ पटीनं हाती राहतात ४२० ते ७००. शंभर ते तीनशे हा घरचा ऐवज गहाण! आणि नऊ विमानांना नेमका तोच हवा असतो.

मग १५०-६०० घ्यावी का? सिग्माची आहे, टॅमरॉनची आहे. निकॉनची २००-५००, सोनीची २००-६००. चित्रं छान येतात, पण वजन दोन किलोच्या आसपास. लातूरच्या अडतीतून दोन किलो तूरडाळ आणा आणि पिशवी अर्धा तास डोळ्यांसमोर आडवी धरून आभाळाकडे बघा. जमलं तर लेन्स घ्या. नाही जमलं तर वरण करा.

आणखी एक इशारा. ‘सारंग’ची हेलिकॉप्टरं समोर आली, की शटर अडीचशेव्या भागापर्यंत खाली आणावं. दोनहजाराव्या भागानं पाती अशी स्वच्छ थिजतात, की भारनियमनात पंखा बंद पडावा तसं हेलिकॉप्टर हवेत लटकलेलं दिसतं.

पण आमचा मुख्य आक्षेप हिशेबाच्या पलीकडचा आहे. सूर्यकिरणची कला एकेका विमानात नाही. ती दोन विमानांमधल्या त्या काही मीटर जागेत आहे. तेवढं अंतर राखायला नऊ माणसं एकमेकांच्या भरवशावर जीव टाकतात. आठशे मिलिमीटरची नजर त्यातलं एक विमान उचलते, त्याचे रिव्हेट मोजते, आणि उरलेली आठ विमानं चौकटीबाहेर हाकलून देते. पंगतीचा फोटो काढायला गेलेल्यानं एकाच्याच पानातली जिलेबी काढून आणावी, तसं हे. जिलेबी दिसते, पंगत गेली.

तेव्हा निकाल असा. शंभर ते चारशेचा झूम, कन्व्हर्टर न लावता. लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर दीडपट जवळीक बिनव्याजी मिळते. तिचा लाभ घ्यावा. १.४ पटीचा कन्व्हर्टर खिशात असावा तो एकट्या सुखोईसाठी किंवा तेजससाठी, सकाळच्या उजेडात. दोन पटीचा दुकानात शोभतो. आणि लेन्स शक्यतो भाड्यानं आणावी. वरातीत एकदा बसायचं म्हणून कोणी घोडा विकत घेत नाही.

एवढं वाचूनही ज्यांना दोन पटीचाच घ्यायचा असेल, त्यांनी खुशाल घ्यावा. कर्जाचे अर्ज आमच्याच काउंटरवर मिळतात.